झोहरेची मुलगी

शेवटच्या साध्या दिवशी आई डाळिंबांवर चिडली होती.

"नुसता रंग," ती म्हणाली. "माझ्या भाच्यासारखी, आल्पायसारखी आहेत यंदाची. बाहेरून लालभडक, आत पाणी."

अंगणात चुलीवर तांब्याची मोठी कढई होती आणि तिच्यात सकाळपासून डाळिंबाचा रस आटत होता. त्याचा काळपट आंबट पाक होतो. तो बाटल्यांत भरून आई मला द्यायची आणि मी तो अडाना शहरात घरी नेऊन वर्षभर पुरवायची. दर ऑक्टोबरात मी ग्रंथालयातून चार दिवसांची सुट्टी काढून त्यासाठीच गावी येत असे.

आई लाकडी पळीनं ढवळत होती. मला ढवळू देत नव्हती, माझा हात जड आहे म्हणे. मध्येच तिनं विचारलं, "निहाल, मला पुरल्यावर इमाम कुणाची मुलगी म्हणून हाक मारील?"

आमच्याकडे माती देऊन झाली की सगळे मागे फिरतात. इमाम एकटा कबरीच्या उशाशी थांबतो आणि मेलेल्या माणसाला नावानं हाक मारतो. बापाच्या नावानं नाही, आईच्या. अमकीच्या मुला, अमकीच्या मुली, आता दोन फरिश्ते येतील, तुला प्रश्न विचारतील, घाबरू नकोस, अशी उत्तरं दे. माणसाचं शेवटचं नाव ते.

"आई, पाक खाली लागेल."

"पाक मी बघते. तू उत्तर दे."

"ओळखपत्रावर असतं तेच नाव घेतात."

"उम्मूहान."

"हो."

"मग मी ओ देणार नाही. आत्ताच सांगून ठेवते. फरिश्त्यांना म्हणावं, बसा ताटकळत."

मी हसले. ती हसली नाही. पळीवरचा थेंब तिनं नखावर घेतला, तो पसरतोय का ते पाहिलं, आणि पुन्हा ढवळायला लागली.

"तू घेशील तिचं नाव? मोठ्यानं? चारचौघांत?"

"अजून वीस वर्षं आहेत त्याला," मी म्हटलं. "तू ढवळ."

हे माझं उत्तर होतं. लिहिताना ते बदलावंसं वाटतं, पण एवढंच होतं.

माझ्या आईला दोन आया होत्या, एक कागदावरची आणि एक खरी. आम्ही यॉरूक. आजोबांच्या तरुणपणापर्यंत आमचं घराणं काळ्या तंबूंत राहून शेळ्यांमागं डोंगर चढत-उतरत होतं, मग गोक्सू नदीच्या वरच्या अंगाला स्थिरावलं. आजोबांचं सरकारी लग्न उम्मूहानशी झालेलं. तिला तीन मुलगे. त्यातला थोरला बेकिर मामा. एका हिवाळ्यात आजोबा खाली सपाटीवर कापूस वेचायला गेले आणि येताना झोहरेला घेऊन आले. अठरा वर्षांची, मागं-पुढं कुणी नसलेली. तिच्याशी इमामापुढं निकाह झाला. सरकारदरबारी तसल्या लग्नाला किंमत नव्हती, त्यामुळं तिला मुलगी झाली तेव्हा ती उम्मूहानच्या पोटी नोंदवली गेली. असं त्या काळी घरोघर व्हायचं. कारकून विचारत नसे आणि कुणी सांगत नसे.

फरक इतकाच, की आमच्याकडं कागदाचं म्हणणं घरातही लागू झालं. आईनं उम्मूहानला 'आई' म्हणायचं आणि झोहरेला 'ताई'. वरचं दगडी घर उम्मूहानचं, खालची खोली झोहरेची. झोहरे कुठली, हे गावाला ठाऊक नव्हतं, म्हणून गावानंच ठरवून टाकलं होतं. कुणी म्हणे जिप्सी, कुणी म्हणे अरब, कुणी म्हणे मागं राहिलेल्या आर्मेनियनांचं पोर. भांडण झालं की एकच शब्द, बिनकुळी.

मी तिला पाहिलेलं आहे. ती गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. आम्ही नातवंडं तिला 'खालची' म्हणायचो. खालचीकडं वाळलेले अंजीर असत, मध्ये अक्रोड घातलेले. एकदा अंजीर तोंडात असताना मी तिला 'आजी' म्हणणार होते, अर्धा शब्द बाहेर पडलाही होता, आणि दारात उम्मूहान उभी होती. "आजी एकच असते," ती म्हणाली, तेही शांतपणे. झोहरेनं माझ्या हनुवटीवरचा अंजिराचा रस पुसला. "खालची म्हण ना, कोकरा. मला चालतं."

मला चालतं, असं म्हणणाऱ्या माणसाला आपण किती काळ चालवून घेतो, हा हिशोब मी नंतर पुष्कळदा केला.

वडील गेल्यावर आई गावी परतली आणि राहायला तिनं खालचीच खोली मागितली. तिच्या भावांना वाटलं, गुडघ्यांमुळं.

दोन वर्षांपूर्वी आल्पायनं घराण्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची थुंकी नळ्यांत गोळा केली. आल्पाय हा बेकिर मामाचा मुलगा, सिलिफ्केतल्या यॉरूक मंडळाचा अध्यक्ष. लग्नात घोड्यावर बसून तलवार उपसणारा, तुर्की वंशाची खूण म्हणून मोटारीच्या काचेवर लांडगा चिकटवणारा. आपलं घराणं मध्य आशियातून थेट, भेसळ न होता आलंय, हे त्याला शास्त्रानं सिद्ध करून हवं होतं. नळ्या परदेशी गेल्या. अहवाल इंग्रजीत आले, म्हणून ते घेऊन तो अडानाला माझ्याकडं आला.

मी वाचले. मला त्यातलं थोडंफार कळतं. ग्रंथालयात असली पुस्तकं मागवणारी मीच, आणि बहुतेक वेळा वाचणारीही मीच.

"बोल ताई. किती टक्के?"

"बेकिर मामांमध्ये पूर्वेकडचा भाग दहाएक टक्के. बाकीचं इथलंच. अनातोलियातले जुने शेतकरी, कॉकेशस, थोडं इराणच्या बाजूचं."

"दहा?"

"देशात बहुतेकांचं असंच थोडं इकडंतिकडं निघतं. आले ते थोडे होते, इथले पुष्कळ होते. भाषा आलेल्यांची राहिली, माणसं मिसळली. आर्मेनियन, जॉर्जियन, ग्रीक, शेजारच्या सगळ्यांशी आपलं बरंच जुळतं."

"ग्रीक!" तो म्हणाला. "बाबांना हे सांगायचं नाही. त्यांना एकदा झटका येऊन गेलाय."

मग मी त्याला दुसरा कागद दाखवला. पेशीत एक छोटा तुकडा असतो, जो फक्त आईकडून येतो. मुलाला मिळतो, मुलीला मिळतो, पण पुढं जातो तो मुलीकडूनच. एका आईच्या सगळ्या लेकरांत तो सारखा असतो. बेकिर मामाचा तुकडा इथला होता, पहिल्या शेतकऱ्यांपासून याच मातीत सापडणारा. माझ्या आईचा वेगळा होता. अल्ताय डोंगरांकडं, मंगोलियात, किरगिझ लोकांत जो भेटतो, तो.

म्हणजे घराण्यात पूर्वेकडून आलेली आईची वाट एकच निघाली, आणि ती बिनकुळीची होती.

आल्पायला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा आधी उजळला, मग गोंधळला. "पण आत्या तर उम्मूहान आजीची—"

"नाही, आल्पाय. तुलाही माहीत आहे."

"प्रयोगशाळेत चुका होतात, ताई."

"मग दोन्ही कागद फेकून दे."

त्यानं एकच फेकला, बापाचा. महिन्याभरानं मंडळाच्या सभागृहात भिंतीवर चौकट लागली. काळ्या तंबूचं चित्र, खाली नकाशा, अल्तायपासून आमच्या गावापर्यंत लाल रेषा, आणि वर सोनेरी अक्षरांत: उम्मूहान आजींचा वंश.

मी आईला सगळं सांगितलं होतं. ती तेव्हा शेंगा सोलत होती. "म्हणजे तुर्की मी आणि ते परके?"

"तसं नसतं आई. हजारो धाग्यांतला तो एक धागा. त्यावरून कुणी तुर्की ठरत नाही आणि कुणी परका ठरत नाही."

"मग इतकी वर्षं ओरडत कशाबद्दल होते?"

चौकट पाहायला मात्र ती मुद्दाम सिलिफ्केला गेली. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी म्हणाली, "रक्त घेतलं. नाव ठेवलं बाहेर, चपलांसारखं."

मी आल्पायला फोन करीन म्हटलं. केला नाही. कशाला वितुष्ट, म्हाताऱ्या मामांना त्रास, अशी कारणं माझ्याकडं बरीच होती. वाचणाऱ्या माणसाकडं कारणांचा तुटवडा नसतो.

डाळिंबांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई नमाजासाठी हातपाय धुवायला उठली आणि नळापाशीच बसली. मी पोचेपर्यंत तिचा हात पाण्याखालीच होता. नळ मी बंद केला. डॉक्टर येऊन गेले, त्यांनी वेळ लिहिली, सहा वाजून दहा मिनिटं.

आमच्याकडं उशीर करत नाहीत. दुपारच्या नमाजानंतर माती द्यायचं ठरलं. शेजारणींनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि रव्याचा हलवा भाजायला घेतला. मृताच्या घरातून तो वास गावभर जायलाच हवा. आंघोळ मी आणि दोघींनी घातली. तिच्या डाव्या नखावर पाकाचा डाग होता. तो मी घासून काढला.

बाहेर आलेले इमाम नवे होते, तिशीचे, कोन्या शहराकडचे. त्यांनी वही उघडून विचारलं, "नाव?"

"सेल्वेर," आल्पाय म्हणाला. आईचं ओळखपत्र त्याच्या हातात होतं. ते त्याच्याकडं कसं गेलं मला कळलं नव्हतं.

"आईचं नाव?"

"उम्मूहान."

"थांबा," मी दारातून म्हटलं. "ते बरोबर नाही."

अंगणातली माणसं माझ्याकडं वळली. बेकिर मामा खुर्चीवर काठी धरून बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. आल्पाय माझ्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, तुझं दुःख मला समजतं."

"मी दुःखाचं बोलत नाहीये. आईचं नाव सांगतेय."

"आजचा दिवस आहे का हा?"

"आजचाच आहे. उद्या नाव कुणाला सांगू?"

"अख्खं गाव बसलंय. आजोबांची अब्रू काढणार तू? कागद खोटा म्हणणार? आत्या स्वतः कधी बोलली?"

"काल बोलली."

"कुणापाशी?"

"माझ्यापाशी."

"आणि तू काय म्हणालीस?"

त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं की नेम बरोबर लागला, मला सांगता येत नाही. तो वळून इमामांना म्हणाला, "लिहा तुम्ही. ती सकाळपासून जेवलेली नाही."

इमामांनी लिहिलं.

मशिदीच्या अंगणात शवपेटी दगडावर ठेवली. इमामांनी जमलेल्यांना विचारलं, मय्यतीला तुम्ही कसं ओळखत होता? चांगलं ओळखत होतो, सगळे म्हणाले. तिच्याकडं तुमचं काही राहिलं असेल तर माफ? माफ. तीनदा विचारतात, तीनदा म्हणतात. मी बायकांत मागं उभी होते. तिचं तुमच्याकडं काही राहिलंय का, हे कुणी विचारत नाही.

कबरस्तान गावाच्या वर पाइनच्या झाडांत आहे. बायका भिंतीपाशी थांबल्या, ही रीत. पुरुषांनी आळीपाळीनं माती घातली. फावडं हातातून हातात देत नाहीत. एकजण जमिनीवर ठेवतो, मग दुसरा उचलतो. आल्पायनं सगळ्यांत जास्त माती घातली, घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. तो आत्यावर प्रेम करत नव्हता असं मी म्हणणार नाही. सणाला पहिली कोकराची मांडी तिच्याकडं यायची, ती त्याच्याच हातून.

मग माणसं मागं फिरली. इमाम उशाशी उकिडवे बसले. बेकिर मामा तेवढे शेजारच्या कबरीच्या कठड्यावर टेकून राहिले, त्यांना लगेच उठवत नव्हतं.

माणसं माझ्या दिशेनं येत होती, आणि मी त्यांच्यातून उलटी चालू लागले. कुणीतरी "बाई, अहो बाई" म्हणालं. मी शाल घट्ट केली आणि चालत राहिले.

आल्पायनं हात आडवा केला. "ताई, बायकांनी पुढं—"

"बाजूला हो."

"तमाशा करू नकोस."

"आल्पाय, मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे. बाजूला हो."

तो झाला. पण मागोमाग आला.

इमामांनी वर पाहिलं. त्यांचं तोंड पहिल्या शब्दासाठी उघडलेलं होतं. "काय झालं, ताई?"

"तुम्ही चुकीच्या बाईची मुलगी म्हणून हाक मारणार आहात. ती ओ देणार नाही. तिनं मला सांगितलंय."

त्यांनी आल्पायकडं पाहिलं, मग माझ्याकडं. चांगला माणूस होता, वाद मिटवण्याची सवय असलेला. "ताई, यावर उपाय आहे. आईच्या नावाबद्दल शंका असेल तर आपण हव्वाची मुलगी म्हणून हाक मारतो. सगळ्यांची मूळ आई तीच. कुणाचंच मन दुखत नाही."

"उत्तम," आल्पाय म्हणाला. "हव्वा म्हणा. मला मान्य आहे."

क्षणभर मलाही ते बरं वाटलं, हे कबूल करते. सगळं त्यात मावत होतं. आम्ही, शेजारी, कागद, सोनेरी अक्षरं, सगळे हव्वाचे. मी वाचलेली निम्मी पुस्तकं शेवटी तेच सांगतात. पण आईनं मला हव्वाबद्दल विचारलं नव्हतं.

"हव्वा कुणासाठी?" मी म्हटलं. "ज्याच्या आईचं नाव माहीत नाही त्याच्यासाठी ना? हिचं माहीत आहे. या गावात साठीपुढच्या प्रत्येकाला माहीत आहे."

"पुरावा काय?" आल्पाय म्हणाला.

"पुरावा तू भिंतीवर टांगलायस. ती लाल रेषा उम्मूहानची असती तर तुझ्या बापाच्या थुंकीतही आली असती. नाही आली. ती हिच्यात आली. आणि हिला जिनं दिली तिचं नाव खोडून तू त्यावर सोन्याचं पाणी चढवलंस."

"कबरीवर उभी राहून प्रयोगशाळा सांगतेस?"

"नाही. प्रयोगशाळा राहू दे. उद्या कुणी म्हणालं की तो तुकडा अल्तायचा नाही, नाईलकाठचा आहे, आर्मेनियातल्या येरेवानचा आहे, तरी मी इथंच उभी राहीन आणि हेच सांगीन. तुम्ही तिला बिनकुळी म्हणालात तेव्हा ती हिची आई होती. तुम्हाला तिचं कूळ आवडलं तेव्हाही होती. तुमच्या आवडीनिवडीचा त्यात काही संबंध नाही."

माझा आवाज चढला असावा, कारण भिंतीपाशी पोचलेली माणसं थांबली होती.

इमाम बेकिर मामांकडं वळले. "काका, घरातले मोठे तुम्ही. तुम्ही सांगा. मी उम्मूहान म्हणू?"

मामांनी काठीचं टोक मातीत रुतवलं, काढलं, पुन्हा रुतवलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, आणि प्रश्न त्याच्या आईच्या नावाचा होता. माझ्या आईच्या नव्हे, त्याच्या. तिचं नाव काढून घ्यायला मी त्याला सांगत होते, निदान त्याला तसं वाटत असणार.

"बाबा," आल्पाय म्हणाला, "हो म्हणा, संपवा."

"मला हो म्हणायला लावू नको," मामा म्हणाले.

"मग नाही म्हणताय?"

"मला काहीच म्हणायला लावू नको. पोरगी उभी आहे ना? तिला विचारा." ते काठीवर भार देऊन उठले आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, "कुजबुजू नकोस मात्र. सांगायचंय तर नीट सांग. सत्तर वर्षं कुजबुज ऐकली."

आल्पायनं त्यांना धरायला हात पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

इमामांनी वही मिटून खिशात ठेवली. "सांगा, ताई," ते म्हणाले. "मी तुमच्या मागोमाग म्हणेन. पण तेवढ्या मोठ्यानं सांगा, की खाली ऐकू जाईल."

मी मातीच्या ढिगाच्या उशाशी बसले. माती ओली होती. पन्नास वर्षं न वापरलेल्या शब्दाला जीभ लगेच जागा देत नाही.

मग मी भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सेल्वेर. झोहरेच्या मुली. ऊठ, तुझ्या आईच्या नावानं हाक मारतायत. खालची नाही, ताई नाही. झोहरे. माझी आजी."